अग्निशमनाचा घरगुती पाठ

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. शाकारलेल्या छपरावाटे ती वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून अग्निशामक साधने ठेवण्याचे निर्देश दिले. आपल्याकडील पुष्कळ प्राथमिक शाळांच्या आवारात रोज पोषण आहार शिजतो. आगीचा बंब मात्र बहुधा तालुक्याच्या गावी असतो. तो येईपर्यंतचा काळ शिक्षकांनाच निभवावा लागतो. यासाठी आग कशाने विझते, हे शिक्षकाने स्वतः जाणावे व मुलांस प्रयोगाने दाखवावे.

तत्त्व. जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतील प्राणवायू या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच आग टिकते. यांपैकी एक काढून घेतली की ती विझते. पाणी मुख्यतः उष्णता काढून घेते. वाळू व झाकण प्राणवायू तोडतात.

साहित्य. एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा (सुमारे अडीच ग्रॅम), तीन रसदार लिंबे, मेणबत्तीचा आखूड तुकडा व एक खोल वाडगा. धुण्याचा सोडा घेऊ नये.

कृती. मेणबत्ती वाडग्याच्या तळाशी उभी करून पेटवावी. बरणीत सोडा टाकून त्यावर लिंबाचा रस ओतावा व बरणीच्या तोंडावर पुठ्ठा सैल ठेवावा. फेस खाली बसला की पुठ्ठा काढून, पाणी ओतावे त्याप्रमाणे बरणी वाडग्यावर हळूच कलती करावी. मात्र रस सांडू देऊ नये. डोळ्यांस काही न दिसता ज्योत विझते. सोडा व आम्ल यांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने वाडग्यात उतरतो, तेथील हवा बाहेर सारतो आणि ज्योतीस प्राणवायू मिळेनासा होतो.

याच जोडीवर पूर्वीची अग्निशामक नळकांडी चालत. फ्रान्समधील कार्लिए याने १८६६ साली असे यंत्र तयार केले. त्यात सोड्याबरोबर टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेत असते तेच आम्ल, वापरले होते. त्या यंत्रांत वायूच्या दाबाने पाण्याची धार लांब उडे व आग मुख्यतः त्या पाण्याने विझे.

प्रयोगाची मर्यादा. येथे शिक्षकाने विशेष सावध राहावे. अर्ध्या चमचा सोड्यापासून फार तर पाऊण लिटरच्या आसपास वायू मिळतो. वाडग्यातील मेणबत्तीस तो पुरतो. उघड्यावर पेटलेल्या लाकडांवर मात्र तो वाऱ्याने विरून जातो, निखारे तापलेलेच राहतात व आग पुन्हा भडकते. म्हणून ही बरणी शिकवण्याचे साधन होय, संरक्षणाचे नव्हे. तसेच हे मिश्रण कधीही बाटलीत भरून बूच घट्ट लावू नये. कोंडलेल्या वायूने बाटली फुटून डोळ्यांस इजा होते. मुलांनी घरी मोठ्या माणसांवाचून हा प्रयोग करू नये, असे त्यांस स्पष्ट बजावावे.

शाळेत खरोखर ठेवावयाची साधने. तज्ज्ञांनी तपासलेले अग्निशामक नळकांडे असावेच. त्याची मुदत भिंतीवर लिहून ठेवावी. त्याच्या जोडीला पुढील साधने घरगुती व जवळजवळ बिनखर्चाची आहेत :

१. चाळून वाळवलेल्या वाळूच्या दोन बादल्या. पावसाळ्यात वाळू ओली होऊन गोळा बनते, म्हणून ती झाकून ठेवावी व महिन्यातून एकदा पाहावी.

२. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या व एक गोणपाट. लाकूड, कागद, गवत यांच्या आगीस हे उपयोगी. पेटलेल्या तेलावर किंवा विजेच्या तारांवर पाणी कदापि टाकू नये. तेलात पडलेले पाणी क्षणात वाफ होऊन पेटते तेल चोहोकडे उडवते.

३. स्वयंपाकघरात कढईस बसेल असे सपाट झाकण व खाण्याच्या सोड्याचा डबा. कढईतील तेल पेटल्यास आधी गॅस बंद करावा, झाकण बाजूने सरकवून घालावे व कढई निवेपर्यंत उघडू नये. आग लहान असल्यास कोरडा सोडा मुठीने भुरभुरावा. पीठ चुकूनही टाकू नये. ते स्वतःच पेटते.

कपडे पेटलेल्या मुलास धावू न देता जमिनीवर लोळवावे, घोंगडीने झाकावे व भाजलेल्या जागी सुमारे वीस मिनिटे साधे पाणी ओतावे.

आग लागताच पहिले काम मुलांना बाहेर काढून मोजण्याचे, दुसरे १०१ किंवा ११२ क्रमांकास कळवण्याचे, आणि मगच विझवण्याचे. आग माणसाच्या कमरेपेक्षा उंच गेली किंवा धूर कोंडला, तर बादली सोडून बाहेर पडावे. प्रत्येक सत्रात एकदा घंटा देऊन वर्ग रिकामे करण्याचा सराव घ्यावा, हजेरीपट बरोबर न्यावा व शेवटचे मूल बाहेर येण्यास किती वेळ लागला, याची नोंद ठेवावी.