वाशिष्ठीची खाडी

सह्याद्रीत उगम पावणारी वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते. भरतीचे पाणी चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत चढत असल्याने गलबतांचा माल इथवर येई आणि पुढे कुंभार्ली घाटाने देशावर जाई. बहमनी काळात दाभोळ भरभराटीचे बंदर होते. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने ते जाळले. खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड आजही उभा आहे. ओहोटीला कांदळवनांपुढची चिखलाचे काठ उघडे पडतात, त्यांवर मगरी जबडा उघडून ऊन खात पडलेल्या दिसतात; खाडीचे हे रूप अवश्य पाहावे असे. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणीही वाशिष्ठीतच सोडले जाते. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीच्या लोंढ्याला भरतीची साथ मिळाली आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली.