लेकराला ताप आहे, पण थंडी वाजत नाही

रोवणी आटोपते, पोळा जवळ येतो आणि गडचिरोलीकडच्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. दिवाळी उलटून धान घरी येईपर्यंत हे चालते. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या भागांतील वाचकांना हिवताप काय असतो हे मी सांगावे असे नाही. परंतु मोठ्यांचा हिवताप आणि दोन-तीन वर्षांच्या लेकराचा हिवताप यांत फरक आहे, आणि तो ठाऊक नसल्याने दरवर्षी घात होतो.

मोठ्या माणसाला आधी हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग दरदरून घाम सुटतो. त्यामुळे "थंडी वाजली का?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि उत्तर नाही असे आले की हिवताप नाही असे ठरते. लहान मुलात हा क्रम पुष्कळदा दिसतच नाही. ताप असतो, पण मूल नुसते मलूल पडून राहते. अंगावर पीत नाही, उलट्या करते, कधी जुलाब, कधी खोकलाही असतो. आई म्हणते दात येताहेत. शेजारीण म्हणते दृष्ट लागली.

या चुकीतून मीही सुटलेलो नाही. १९९४ च्या भाद्रपदात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. दोन वर्षांच्या एका मुलीला तिचे वडील खांद्यावरून घेऊन आले. दोन दिवसांचा ताप, थोडा खोकला. थंडी वाजते का, असे मी विचारले. ते नाही म्हणाले. मी खोकल्याचे व तापाचे औषध दिले. केंद्रात सूक्ष्मदर्शक होता, तंत्रज्ञही हजर होता. रक्त घ्यायला सांगितले नाही ते मी. त्या रात्री नाला चढला. दीड दिवसाने पाणी उतरल्यावर ते पुन्हा आले तेव्हा मुलीला झटके येत होते. रक्तात फॅल्सिपेरमचे जंतू होते. क्विनीनचे सलाईन लावले, पण मुलगी वाचली नाही.

फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार. याच्या जंतूंनी भरलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. रक्तातील साखर उतरते. लाल पेशी फुटून मूल पांढरेफटक पडते. आपल्याकडची कित्येक लेकरे आधीच रक्ताने कमी असतात, त्यामुळे हे सारे एक-दोन दिवसांत घडू शकते. ताप वारंवार येत राहिला तर पानथरी वाढून पोट पुढे येते. अशा पोटावर डागण्या देण्याचा प्रकार अजूनही ऐकू येतो. पानथरी डागून उतरत नाही, जखम मात्र चिघळते.

हा ताप पावसाळ्यातच का वाढतो? आपल्या भागात अॅनोफिलिस डासाच्या दोन जाती मुख्य. एक धानाच्या बांध्यांत आणि साचलेल्या डबक्यांत वाढते, दुसरी जंगलातल्या संथ ओढ्यांत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याने रुग्णाचे रक्त शोषल्यावर जंतू त्याच्या पोटात तयार व्हायला आणखी दहा-चौदा दिवस, आणि चावल्यानंतर माणसाला ताप यायला एक-दोन आठवडे. म्हणून पहिल्या पावसानंतर महिना-सव्वा महिना गेला की रांग लागते. मोठ्यांच्या अंगात अनेक वर्षांच्या तापांमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. तान्ह्याला आईकडून मिळालेली शक्ती काही महिने पुरते, आणि ती सरल्यावर मूल उघडे पडते.

तेव्हा जून ते डिसेंबर या काळात लेकराच्या कुठल्याही तापाला त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. पूर्वी काचपट्टीचा अहवाल यायला आठवडा लागे. आता आशाताईच्या पिशवीत किट असते. बोटाच्या थेंबावर वीस मिनिटांच्या आत उत्तर मिळते. फॅल्सिपेरम निघाला तर वजन-वयाप्रमाणे आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या तीन दिवस द्याव्या लागतात. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात, असे होऊ देऊ नका. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तसे कळवावे, मात्रा पुन्हा द्यावी लागते. मूल झटके देत असेल, उठवून उठत नसेल, पिणे सोडले असेल, तळवे पांढरे पडले असतील किंवा श्वास जोरात चालत असेल, तर गोळीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

एका वाचकाने लसीबद्दल विचारले आहे. आर-२१ ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली, ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलांसाठी तिची शिफारस केली. ती आज आफ्रिकेतल्या मुलांना मिळते, कारण हिवतापाचे बहुतेक बालमृत्यू तिकडे होतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत पावसाळ्याच्या महिन्यांत पाच वर्षांखालील मुलांना दरमहा प्रतिबंधक गोळ्याही देतात. आपल्या नियमित लसीकरणात ही लस नाही, आणि तशा गोळ्या इथे मनाने देणे योग्य नाही. लस मिळाली तरी मच्छरदाणी सुटत नाही.

मच्छरदाणीविषयी एक तक्रार. सरकारी औषधी मच्छरदाणीचा उपयोग मी मासे धरायला झालेला पाहिला आहे, आणि कोंबड्या झाकायलाही. हे डास मुख्यतः अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतात, म्हणून लेकराला संध्याकाळीच तिच्यात निजवावे. ती धुवायची तर साध्या साबणाने, आणि सावलीत वाळवावी. आश्विनात धान पिकले की रानडुकरांच्या भीतीने शेतावर जागल सुरू होते. आई-बाप माळ्यावर, लेकरू कुशीत, आणि मच्छरदाणी मात्र घरातल्या खुंटीला. जागलीला जाताना शिदोरीबरोबर तीही घ्या. माळ्याच्या चार खांबांना ती बांधता येते.