कॉम्प्युटर ‘घाटंजी’ कसं लिहितो?

घाटंजी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं, कापसाचं गाव. नाव बोलायला अक्षरं तीन: घा, टं, जी. पण कॉम्प्युटरला विचाराल तर तो म्हणेल, “छे, तीन कुठली? सहा!” तो घ वेगळा धरतो आणि काना वेगळा. ट वेगळा, अनुस्वार वेगळा. ज आणि वेलांटीही सुटी.

खरं म्हणजे त्याला ही चिन्हंसुद्धा कळत नाहीत, कळतात फक्त आकडे. म्हणून जगभरच्या लिप्यांमधल्या चिन्हांना एकेक क्रमांक दिलाय. या भल्यामोठ्या यादीचं नाव युनिकोड. 1991 साली तिची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. घ 2328, काना 2366 आणि आपला लाडका ळ 2355.

आता गंमत बघा. कॉम्प्युटर सगळं बाइटमध्ये साठवतो, आणि एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात. मग 2328 कसा मावणार? 1992 मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तोडगा काढला: यूटीएफ-8. त्यात मराठीला लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. घ होतो 224, 164, 152. अख्खं घाटंजी 18 बाइटांचं!

वेबसाइटवरून हे नाव मोबाइलवर येतं, ते या 18 आकड्यांच्याच रूपात. पण बाजारात कुणी नुसतं ‘पाच’ म्हटलं, तर किलो समजायचे की क्विंटल? म्हणून आकड्यांसोबत ‘हे यूटीएफ-8 आहे’ असं वेबसाइटनं सांगायलाच हवं. नाही सांगितलं आणि ब्राउझरनं ते जुन्या युरोपीय यादीप्रमाणे वाचले, तर 224 म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, 164 म्हणजे चलनाची खूण... स्क्रीनभर कचरा! आणि आकडा एकही चुकलेला नसतो बरं का.

दुसरी भानगड कापाकापीची. प्रोग्राममध्ये नावासाठी 10च बाइट जागा ठेवली, तर पहिल्या नऊंत ‘घाट’ बसतं. दहावा बाइट अनुस्वाराचा, तोही एक तृतीयांशच! मग ‘घाट’च्या पुढे बहुतेक वेळा काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. गावाचं नाव असं तुटणं बरं नव्हे. मराठी मजकूर बाइट मोजून कापूच नये.

आता हे गाव ओळखा: 2351, 2357, 2340, 2350, 2366, 2355. क चा क्रमांक 2325, ख चा 2326, पुढे मुळाक्षरांच्याच क्रमानं चला. मधूनमधून आपल्या मुळाक्षरांत नसलेली अक्षरं येतात, आणि ळ शेवटी नाही तर ल नंतर लगेच येतो, तेवढं सांभाळा. मग तुमच्या गावाचेही आकडे काढा आणि मित्राला ओळखायला द्या!