कलम बारापर्यंतचा रस्ता

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचायला घेतला, तर आधी शेवटची अनुसूची उघडावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं. साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे, मंत्रतंत्र करणं. बोटाने शस्त्रक्रिया करतो, गर्भाचं लिंग बदलतो असा दावा करणं. अशा बारा नोंदी तिथे आहेत. मंत्रालयातल्या टेबलाशी बसून असल्या ओळी सुचत नाहीत. बुवा-बाबांचे दरबार गाठणाऱ्या, पीडितांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी जे पाहिलं, ते या नोंदींत उतरलं आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या कायद्यासाठी मोर्चे, धरणी, सह्यांच्या मोहिमा, आमदारांच्या भेटी असं सगळं केलं. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले कार्यकर्ते श्याम मानव यांनीही मसुद्यासाठी झटून काम केलं. डिसेंबर 2005 मध्ये विधानसभेने विधेयक संमत केलं, पण विधान परिषदेत ते अडलं. तिथून संयुक्त समितीकडे गेलं, आणि 2009 मध्ये विधानसभेची मुदत संपली तशी त्या विधेयकाचीही संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विरोध करणाऱ्यांत काही वारकरी संघटनाही होत्या. उद्या कीर्तनात संतांचे चमत्कार सांगितले तर गुन्हा होईल का, वारीचं काय, घरच्या पूजेचं काय, हे त्यांचे प्रश्न होते. त्यांचं उत्तर कलम 12 मध्ये मिळतं. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचं कथन, जैनांचं केशलोचन, नंदीबैलवाल्या ज्योतिषाचा सल्ला, एवढंच काय, जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्याही कायद्याबाहेर ठेवला आहे. विधेयकावर सभागृहात कलमवार विचार होतो, 'होय' आणि 'नाही'चे आवाज घेतले जातात. पण त्याआधी बाहेर झालेला वाद मसुद्यात असा मुरलेला असतो.

या तडजोडींमुळे कायदा बोथट झाला, असं काहींना वाटतं. ते पटत नाही. श्रद्धेला हात न लावता शोषणावर आणि इजेवर बोट ठेवणारा कायदा गावात टिकतो.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली.

दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली. अध्यादेशाचं आयुष्य मात्र थोडं. पुढचं अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही, तर तो संपतो. त्यामुळे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन सामाजिक न्यायमंत्री शिवाजीराव मोघे यांनी विधेयक मांडलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं. एवढ्या वर्षांच्या पाठपुराव्याला जे मिळालं नव्हतं, ते एका खुनानंतर चार महिन्यांत मिळालं, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरता कामा नये.

सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा या कायद्यात आहे. दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही आहे. 2017 मध्ये कर्नाटकाने आणि 2024 मध्ये गुजरातनेही असे कायदे केले. आपल्या गावात कुणी उपचाराच्या नावाखाली एखाद्या बाईला मारझोड करत असेल, तर बघत उभं राहू नका. पोलीस ठाण्यात जा आणि तक्रार देताना या कायद्याचं नाव घ्या.