अठरा वर्षांपुढचे ‘मूल’

आईवडील ऑस्ट्रेलियाचे कायमचे रहिवासी झाले, की सज्ञान मुलांनाही तेथे आपोआप जाता येते असे नाही. १०१ क्रमांकाच्या ‘चाइल्ड व्हिसा’साठी मूल २५ वर्षांच्या आतील, अविवाहित व आईवडिलांवर अवलंबून असावे लागते. अठरा पूर्ण झाली असल्यास पूर्ण वेळ नोकरी चालत नाही. बारावीनंतर सहा महिन्यांत किंवा वाजवी मुदतीत पूर्ण वेळ शिक्षण सुरू करून ते चालू ठेवावे लागते. शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे काम करू न शकणाऱ्यांना मात्र वयाची व शिक्षणाची अट नाही.

शिकणारा तो परावलंबी, हे यामागचे गृहीत. पण फीसाठी वर्षभर राबून मग कॉलेजात येणारे आपल्यात थोडे आहेत का? गरजेपोटी शिक्षण थांबले, म्हणून मूल स्वावलंबी झाले असे कसे म्हणावे?