पहिली वेलांटी की दुसरी?

‘आणि’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा. एकाच्या शेवटी पहिली वेलांटी, दुसऱ्याच्या शेवटी दुसरी. वहीत उलट लिहिलं की मार्क गेले. पण कानाला फरक लागतो का? नांदेडच्या वजिराबादेत म्हणा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, दोन्हींचा शेवट सारखाच ऐकू येतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असं मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम सांगतात. ‘आणि’सारख्या मोजक्या शब्दांना तेवढी सूट.

मग मराठी कान ऱ्हस्व-दीर्घ ओळखतच नाही? ओळखतो, पण त्याची रीत निराळी. ‘फूल’ म्हणताना ऊ ताणला जातो, ‘फुलाला’ म्हणताना आखडतो. तीळ-तिळाला, वीट-विटा, गरीब-गरिबाला, सगळीकडे हेच. ‘फूल’ लिहिताना दोन अक्षरं असली तरी शेवटचा अ बोलण्यात गळतो, एकच ठोका उरतो आणि आवाज तिथेच रेंगाळतो. पुढे ‘ला’ लागला की रेंगाळायला जागा राहत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीसुद्धा हे बिनचूक करते. म्हणजे मराठीत स्वराची लांबी बहुतेक वेळा त्याच्या जागेवरून ठरते. अर्थ बदलण्याचं काम तिच्याकडे फारसं नाही. दिन-दीन, सुत-सूत या परीक्षेतल्या लाडक्या जोड्या बहुतेक संस्कृतातून आलेल्या.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हे केव्हाच ओळखलं होतं. मोडीत इकाराला एकच खूण, उकारालाही एकच. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखे, संदर्भ बघून वाचायचं. बोरू न उचलता भराभर लिहिणाऱ्याला दोन वेलांट्यांचा थाट परवडणारा नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

निजामाच्या कचेरीत तर त्याहून मोठी काटकसर. उर्दूत आ, ई, ऊ यांना अक्षरं आहेत, पण ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, म्हणजे जबर, जेर आणि पेश, रोजच्या लिखाणात कुणी देत नाही. ‘इस’ आणि ‘उस’ हे दोन्ही शब्द अलिफ आणि सीन या दोनच अक्षरांत, हुबेहूब सारखे. ‘याला’ की ‘त्याला’, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं! २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. या दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्यानं जे सोडलं, ते वाचणाऱ्यानं भरून घ्यायचं असतं.

आता त्याच नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्याकडे चला. इथे प्रकार बरोबर उलटा. गुरुमुखीत पहिल्या वेलांटीला सिहारी म्हणतात, दुसरीला बिहारी. पहिला उकार म्हणजे औंकड. गुरू ग्रंथ साहिबात ‘नामु’, ‘पुरखु’ असे शब्द औंकड देऊन लिहिलेले आहेत, पण पाठ करताना म्हणतात ‘नाम’, ‘पुरख’. तो उकार पुल्लिंगी एकवचनाचा जुना प्रत्यय आहे. उच्चारातून गेला, कागदावर राहिला, आणि अर्थ लावणाऱ्याला आजही कर्ता दाखवतो. आपल्या ज्ञानेश्वरीतही ‘देवु’सारख्या रूपांत हाच उकार भेटतो. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. हे कळल्यावर दोन्हींकडचा हा उकार मला तरी परका वाटत नाही.

आणि मग दक्षिणेची शीव लागते. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. तिथल्या बाजारात कन्नड आजही कानावर पडते. या भाषेत लांबी म्हणजे चैन नव्हे, व्यवहार. ‘बॆळॆ’ म्हणजे पीक, ‘बेळॆ’ म्हणजे डाळ. फरक एवढाच, की पहिल्या शब्दातला सुरुवातीचा ए आखूड आणि दुसऱ्यातला लांब. तुरीच्या आणि डाळमिलच्या मुलखात हा घोळ फारच सोयीचा! नांदेडच्या देगलूर-धर्माबादकडे तेलुगू भेटते. तिथे ‘मॆड’ म्हणजे मान आणि ‘मेड’ म्हणजे माडी. आपल्या बाराखडीत आखूड ए-ओ नाहीतच, म्हणून मराठी माणूस दोन्ही शब्द एका मापानं म्हणतो आणि समोरचा गालात हसतो. कन्नड-तेलुगू लिप्यांत मात्र या दोघांना वेगळी अक्षरं आहेत. वर मी वापरलेली ‘ॆ’ ही वाकडी मात्रा देवनागरीत खास अशा भाषांसाठी केलेली. संगणकाच्या अक्षरसंचात ती आहे, आपल्या पाटीवर कधी आली नाही.

लांबीनं अर्थ बदलणाऱ्या भाषा दूरवरही आहेत. फिनिशमध्ये लांब स्वर सरळ दोनदा लिहितात: ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू. मधला आ जरा ताणला की आजी होते. एस्टोनियन लोक तर तीन लांब्या मोजतात. इंग्रजीची चाल थोडी मराठीसारखी: ‘बीट’पेक्षा ‘बीड’मधला ई लांब निघतो, कारण पुढे ड आहे (हा बीड म्हणजे मणी, आपला जिल्हा नव्हे).

लांबीची तिसरी पायरी आपल्याकडेही आहे. संस्कृत व्याकरणात एक मात्रा ऱ्हस्व, दोन दीर्घ आणि तीन प्लुत. पाणिनीनं ही मापं दाखवायला उकारच घेतला, कारण कोंबड्याच्या आरवण्यात तिन्ही उकार चढत्या क्रमानं ऐकू येतात, असं परंपरा सांगते. प्लुत लिहायचा तर पुढे ३ चा आकडा घालतात. मराठी कथाकार त्याऐवजी अवग्रह वापरतात: शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ‘अगं माऽऽय’ अशी हाक जाते, तेव्हा त्या आ-ला ना पहिलं माप पुरतं, ना दुसरं.