मुलांचें अंगणांतलें घरकुल

कल्याणजवळचें उल्हासनगर ही मूळची लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं उभारलेल्या येथील बराकींत 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यांत आला. पुढें 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें वसाहतीचें नामकरण झालें. तिच्या पांच विभागांपैकीं शहाड स्थानकाजवळचा तो कॅम्प नंबर 1. सैनिकाला रात्रीं पाठ टेकण्यापुरती जागा पुरते. तेवढ्याच जागेंत येथें अख्खे संसार मांडावे लागले. घर गमावल्याचें दुःख थोरांना बोलून दाखवितां येतें. लहान मुलाला तें साधत नाहीं. मात्र चार विटा आणि एक फडकें मिळालें, कीं तें आपलें घर पुन्हां मांडूं लागतें.

या खेळाला भातुकली म्हणून हसण्यावारी नेण्याची वडील माणसांची रीत आहे. बालशिक्षणाच्या आचार्यांनीं मात्र मुलाची ही ओढ ओळखली. मारिया मॉन्तेसोरी यांनीं 1907 सालीं रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथील मेज, खुर्च्या व कपाटें मुलांच्या मापाचीं असत. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें शाळेकडे येत नाहींत, तर शाळेनेंच त्यांच्या अंगणांत जावें, हा त्यांचा विचार. त्यांतूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. मुलाला आपल्या मापाची आणि आपल्या दाराजवळची जागा हवी असते, हें या दोन उदाहरणांवरून ध्यानांत येतें.

परंतु माप साधलें म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. 1932 सालीं वेल्सच्या प्रजेनें राजकन्या एलिझाबेथ हिला तिच्या सहाव्या वाढदिवसानिमित्त एक घरकुल भेट दिलें. खऱ्या घराच्या दोन पंचमांश मापाचें तें घर. आंत विजेचे दिवे आणि नळाचें पाणी. तें आजहि विंडसर येथें आहे. कारागिरीचा तो उत्तम नमुनाच. पण त्यांत मुलानें करावें असें काय उरलें? उलट महाराष्ट्रांतील मुलें दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करतात. बुरूज वांकडा होतो, तळें गळतें, पेरलेलें अळीव कधीं उगवतें, कधीं उगवत नाहीं. तरी पंधरा दिवस मुलांना दुसरें कांहीं सुचत नाहीं. कारण तें राज्य त्यांनीं स्वतः उभारलेलें असतें. म्हणून घरकुल बांधणाऱ्या पालकानें दोनच कामें करावीं : सांगाडा निर्धोक करावा, आणि वेळींच हात आवरावा.

सांगाड्यास पांच फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरे. दार चार फूट उंच व दोन फूट रुंद असावें. पांच-सहा वर्षांचें मूल त्यांतून ताठ मानेनें जातें आणि वडिलांना वांकावें लागतें. या घराचा मालक कोण, हें दारांतच ठरतें. खिडकी जमिनीपासून दीड फुटावर ठेवल्यास बसलेल्या मुलाला बाहेरचें दिसतें. दाराला आंतून कडी लावूं नये. पट्ट्यांमध्यें साडेतीन इंचांहून अधिक आणि नऊ इंचांहून कमी अशी फट राहूं देऊं नये. अशा फटींतून मुलाचें अंग निसटतें, पण डोकें अडकतें.

सामान साधेंच असावें. कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवलेल्या बांबूंतील गोड अंश धुऊन जातो आणि भुंगा कमी लागतो. खांब दीड फूट जमिनींत पुरावे व पुरलेल्या भागास डांबर लावावें. सांधे खिळ्यांऐवजीं काथ्यानें आवळावे. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काटक्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेल्या, असाव्या. ठाणें जिल्ह्यांतील खेड्यांत ही रीत जुनी आहे. जमीन विटांनीं वीतभर उंच करावी, म्हणजे ओल येत नाहीं. जवळ दगडविटांचा ढीग ठेवूं नये. त्यांत विंचू-सापांना आसरा मिळतो. छपराला पत्रा वापरल्यास तो वैशाखांत तापतो, आणि गवत ठिणगीनें पेटतें. वर सांगितलेल्या वेल्सच्या घराचें गवती छप्पर वाहतुकींतच आगींत गेलें होतें. दोन्हीं बाजूंनीं उतरती बांबूची चटई व तीवर ताडपत्री हें बरें. पावसाळ्यापूर्वीं ताडपत्री घट्ट बांधावी आणि प्रत्येक खांब हलवून पाहावा.

येथवर आल्यावर पालकानें थांबावें. गिलाव्याचा शेवटचा हात, चूल कोठें मांडावी, भिंतीवर काय काढावें, पाहुण्याला केव्हां बोलवावें, हें सर्व मुलांवर सोपवावें. भिंत ओबडधोबड झाली तर होऊं द्यावी. रात्रीं निजानीज झाल्यावर ती गुपचूप सारखी करणाऱ्या पालकाची भिंत सरळ होते, पण सकाळीं मुलाला तें घर आपलें वाटत नाहीं.

आतां प्रश्न अंगणाचा. 2011 च्या जनगणनेंत उल्हासनगरची वस्ती 5 लाखांहून अधिक भरली, आणि शहराचें क्षेत्र जेमतेम 13 चौरस किलोमीटर. कॅम्प 1 मध्यें काय किंवा इतरत्र काय, स्वतंत्र परसू फारच थोड्यांच्या वांट्याला येतें. गच्चीवर घरकुल बांधण्याचा मोह टाळावा. तेथें वारा आणि कठडा या दोहोंचें भय असतें. चार बिऱ्हाडांनीं मिळून इमारतीच्या सामाईक जागेंत एक घरकुल बांधावें हें उत्तम. तेंहि न जमल्यास खाटेवरून एक जुनें लुगडें सोडावें, आणि त्याच्या आंत जाण्यापूर्वीं मुलाची परवानगी मागावी. बराकींत वाढलेल्या मुलांना याहून अधिक कांहीं मिळालें नव्हतें. तरी तेवढ्या आडोशाला त्यांनीं घर मानलें.